एक्सेलमध्ये दिसतं एक आणि असतं दुसरंच : ऑफिसच्या रोजच्या कामातल्या युक्त्या इथे लिहूया

मीनल_ऑफिस

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत मी लिपिक आहे, चौदा वर्षं झाली. आमच्यासारख्या सगळ्यांनी एमएस-सीआयटी केलेलं असतं. कुठलं बटण कुठे आहे हे माहीत असतं, पण संगणक आपण भरलेल्या माहितीचं आत काय करतो ते कुणी समजावून सांगितलेलं नसतं. मी ते चुका करून शिकले. त्या चुकांचा त्रास मला कमी झाला, मुलांना जास्त झाला. म्हणून हा धागा.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीची यादी पाठवली. काही दिवसांनी अकरा मुलांचे पैसे परत गेल्याचं कळलं. त्यातल्या एका मुलीची आई वाडीवरून तीनदा चालत आली. ती पासबुक दाखवायची आणि मी तिला यादी दाखवायचे. तिसऱ्या वेळी दोन्ही शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने वाचला, तेव्हा दिसलं. खातं सोळा आकडी, पासबुकात शेवटी ७, माझ्या यादीत शेवटी ०. बाकीच्या दहाही मुलांचं तेच, सगळ्यांच्या शेवटी शून्य. मी टाइप करताना चुकले नव्हते. मूळ फॉर्मवरून बरोबरच भरलं होतं.

कारण असं की एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच जपून ठेवतं. सोळाव्यापासून पुढे सगळं शून्य. सोळा आकडे भरल्यावर आधी मध्ये ‘ई’ असलेला विचित्र आकडा दिसतो. मग आपण फॉरमॅट ‘नंबर’ करतो, आकडे सरळ दिसायला लागतात, आणि आपल्याला वाटतं झालं. पण तोवर शेवटचा आकडा गेलेला असतो. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी तो परत येत नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. ज्या आकड्यांची कधी बेरीज करायची नाही ती संख्या नव्हेच, तो मजकूर. खाते क्रमांक, आधार, मोबाईल, जनरल रजिस्टरचा (शाळेत दाखल मुलांच्या नोंदवहीचा) नंबर, पिनकोड, सगळं यात आलं. रिकामी शीट उघडली की भरायच्या आधी ते रकाने निवडायचे, कंट्रोल+१ दाबायचं, टेक्स्ट निवडायचं, आणि मगच भरायला घ्यायचं. एखाद-दुसराच आकडा असेल तर आधी स्वल्पविरामासारखं वरचं चिन्ह (') द्यायचं. शून्याने सुरू होणारे खाते क्रमांकही याने वाचतात, नाहीतर पुढची शून्यं एक्सेल गिळून टाकतं.

तुमच्याकडच्या अशा गोष्टी लिहा. नुसते शॉर्टकट नकोत, कुठे अडलात आणि कसे सुटलात तेही लिहा.

---

पाटीकर

मीनलताई, धागा काढलात फार बरं केलंत. तुमच्या मुद्द्याला एक पुरवणी.

रकाना टेक्स्ट करून ठेवला तरी पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) डबल-क्लिक करून उघडली की तोच घात होतो. तिथे टेक्स्ट ठरवायची संधीच मिळत नाही, फाइल उघडतानाच आकडे कापले जातात. त्यातून ती फाइल सेव्ह केली की मूळही गेलं.

सीएसव्ही कधीही डबल-क्लिक करून उघडू नका. कोरी एक्सेल उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या. समोर खिडकी येते, त्यात दोन गोष्टी बघा. पहिली ‘फाइल ओरिजिन’, तिथे ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. मराठी नावांच्या जागी वेडीवाकडी चिन्हं येतात ती याने जातात. दुसरी ‘डेटा टाइप डिटेक्शन’, तिथे प्रकार ओळखू नको असं सांगा. मग सगळं मजकूर म्हणून जसंच्या तसं येतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर २०२३ पासून ऑप्शन्स > डेटा मध्ये आपोआप होणारे हे बदल बंद करायची सोयसुद्धा आहे. पुढची शून्यं काढणं, लांब आकडे कापणं, दोन्ही तिथे बंद होतात. आमच्या ऑफिसात अजून जुनी आवृत्ती आहे, त्यामुळे आम्ही वरच्याच वाटेने जातो.

---

गणितवेडी

आधारबद्दल थोडं वेगळं सांगते. आधार १२ आकडी असतो, म्हणजे पंधराच्या आत. तिथे ‘ई’ दिसला तरी आकडा शाबूत असतो, फक्त दाखवणं बिघडलेलं असतं. अशी फाइल हातात आली तर घाबरून पुन्हा टाइप करत बसू नका. रकाना निवडा, कंट्रोल+१, कस्टम, आणि तिथे हे लिहा:

0000 0000 0000

कार्डावर असतो तसा चार-चार-चार दिसेल.

आणि कृपा करून आधारच्या याद्या व्हॉट्सअॅपवर तशाच पाठवू नका. लहान मुलांची माहिती असते ती. फाइल > इन्फो > प्रोटेक्ट वर्कबुक > एन्क्रिप्ट विथ पासवर्ड, आणि पासवर्ड फोनवर सांगा. ‘प्रोटेक्ट शीट’ म्हणजे कुलूप नव्हे. चुकून कुणी फॉर्म्युला पुसू नये एवढ्यापुरतंच ते असतं.

---

तांबडीमाती

माझा प्रश्न जन्मतारखांचा आहे. वर्गशिक्षकांकडून आलेल्या यादीत अर्ध्या तारखा रकान्यात डावीकडे चिकटलेल्या, अर्ध्या उजवीकडे. वय काढायला गेलं की डावीकडच्यांना एरर येते. सगळ्या उजवीकडे कशा आणायच्या?

---

मीनल_ऑफिस

@तांबडीमाती, अलाइनमेंटचं बटण दाबून उजवीकडे आणू नका! ते डावं-उजवं हीच तुमची निशाणी आहे. उजवीकडच्या एक्सेलला तारखा म्हणून कळल्यात, डावीकडच्या त्याच्या लेखी नुसता मजकूर आहे.

पण जास्त धोका उजवीकडच्या तारखांना आहे. तुमच्या संगणकाची ‘रीजन’ (कुठल्या देशाची पद्धत पाळायची ती सेटिंग) अमेरिकेची असणार. अमेरिकेत महिना आधी. म्हणजे ०३/०४/२०१२, आपला ३ एप्रिल, त्याने ४ मार्च म्हणून घेतला. २५/०४/२०१२ मध्ये पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख त्याने मजकूर म्हणून बाजूला ठेवली. एरर देणाऱ्या तारखा निदान खऱ्या तरी आहेत. ज्या गुपचूप बसल्यात त्या उलट्या झालेल्या असू शकतात.

डावीकडच्यांसाठी : रकाना निवडून ‘डेटा’ > ‘टेक्स्ट टू कॉलम्स’, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ आणि शेजारी ‘डीएमवाय’. उजवीकडच्यांपैकी ज्यांचा दिवस १२ किंवा त्याच्या आत आहे त्या जनरल रजिस्टरशी एकेक ताडून बघा. याला जवळची वाट नाही. दाखल्यावर चुकीची जन्मतारीख गेली तर दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत ती जाते, आणि ती दुरुस्त करायला पालकांना किती खेटे घालावे लागतात ते आपण रोज बघतो.

पुढच्यासाठी : कंट्रोल पॅनलमध्ये रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ करा. आणि तारीख नेहमी महिन्याचं नाव दिसेल अशी ठेवा, ०३-एप्रिल-२०१२ सारखी. आकड्यात लपलेली चूक नावात लगेच दिसते.

---

पाटीकर

हे समजायला अजून एक उपयोगी पडेल. एक्सेलच्या आत तारीख म्हणजे नुसती दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा दिवस १, आणि तिथून पुढे. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. कधी तारखेच्या जागी असा पाच आकडी नंबर दिसला तर काही बिघडलेलं नाही, कंट्रोल+१ करून डेट फॉरमॅट दिला की झालं.

तारखांची वजाबाकी होते ती याच मोजणीमुळे. वय वर्षांत काढायला ‘डेटेडिफ’ (DATEDIF) हा फॉर्म्युला वापरा. टाइप करताना ते यादीत सुचवलं जात नाही, पण पूर्ण लिहिलं की चालतं. जन्मतारीख, मग कट-ऑफची तारीख, मग अवतरणात वर्षाचं इंग्रजी आद्याक्षर.

---

कोपऱ्यातला_कारकून

मी पतसंस्थेत आहे. आमचं दुखणं निराळं, स्वल्पविराम. रिपोर्ट १,२५०,००० असा छापला गेला की संचालक मंडळ विचारतं, ‘हे साडेबारा लाख की सव्वा लाख?’ वयस्कर माणसं आहेत, त्यांना १२,५०,००० असंच वाचता येतं, आणि त्यांचं बरोबरच आहे.

रीजन इंग्लिश (इंडिया) केल्यावर बहुतेक ठिकाणी लाख-कोटी सरळ येतात. पण फाइल दुसऱ्याच्या संगणकावर गेली की पुन्हा बिघडतं. म्हणून मी फाइलमध्येच कस्टम फॉरमॅट देतो:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

जसाच्या तसा उतरवून घ्या, आकडे इंग्रजीच ठेवा. एक उणीव आहे. उणे रकमेला हे लागू पडत नाही, तिथे तीन-तीन आकड्यांनीच स्वल्पविराम येतो. आमच्याकडे उणे रकमा वेगळ्या रकान्यात ‘नावे’ म्हणून जातात, त्यामुळे अडत नाही.

---

गणितवेडी

वा, हे घेतलं. याच जातीचं अजून एक : आकडे मराठीत दाखवायचे असतील तर कस्टम फॉरमॅटमध्ये

[$-4000439]0

लिहा. भरायचं इंग्रजीतच, दिसेल १२३. बेरजा, सरासरी सगळं चालू राहतं, कारण आत संख्याच आहे. मराठी कीबोर्डने थेट मराठी आकडे भरण्यापेक्षा हे खूप सुरक्षित.

---

सह्यवारा

मंडळी, माझं काम बघा कुणाला सुटतंय का. दोन याद्या, एक हजेरीची, एक पोर्टलवरून आलेली. व्हीलूकअपने (एका यादीतलं दुसरीत शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याने) नावावरून जोडतेय. डोळ्यांना नाव तंतोतंत सारखं दिसतंय, तरी काही मुलं सापडत नाहीत. ‘वऱ्हाडे’ आणि ‘कऱ्हाडकर’ आडनावाची सगळीच्या सगळी गायब! तंतोतंत जुळणीसाठी शेवटी ‘फॉल्स’ दिलंय. जादा मोकळ्या जागा काढायला ट्रिमही केलं.

---

मीनल_ऑफिस

सह्यवाराताई, हा खास आपल्या मराठीचा त्रास आहे. मला यात एक पूर्ण उन्हाळी सुट्टी गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ मधला पापणीसारखा दिसणारा अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’, हलन्त, मग ‘ह’. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ‘ह’. कागदावर दोन्ही एकसारखे. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं. कुणी कुठल्या कीबोर्डने भरलं त्यावर ते ठरतं.

खात्री कशी करायची? शेजारच्या रकान्यात अक्षर-चिन्हं मोजणारा ‘लेन’ फॉर्म्युला लावा. पहिल्या रीतीचं ‘वऱ्हाडे’ ७ दाखवेल, दुसऱ्या रीतीचं ८.

‘ॲ’चंही असंच. एक अखंड ‘ॲ’ आहे, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी सगळे ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि बरेच जण अजून तसंच लिहितात. अखंडाची लांबी १, जोडलेल्याची २.

उपाय : एका यादीतलं ते जोडाक्षर कॉपी करा, कंट्रोल+एच, ‘फाइंड’मध्ये पेस्ट. दुसऱ्या यादीतलं ‘रिप्लेस’मध्ये. टाइप करू नका, कॉपीच करा, नाहीतर तुमचा कीबोर्ड स्वतःचीच रीत दोन्हीकडे घालेल. फाइलची प्रत काढून तिच्यावर करा.

शिवाय पोर्टलवरून आलेल्या मजकुरात एक वेगळ्या जातीची मोकळी जागा येते, तिचा क्रमांक १६०. ट्रिम तिला हात लावत नाही. ती पण अशीच कॉपी करून, रिप्लेसमध्ये साधी स्पेस देऊन काढायची, मग ट्रिम.

आणि खरं सांगायचं तर नावावरून जोडूच नका. जनरल रजिस्टर नंबरावरून जोडा. एका वर्गात दोन ‘साक्षी संजय जाधव’ माझ्याकडे होत्या.

---

सह्यवारा

ताई!! ७ आणि ८ आले!! तीन दिवस डोकं धरून बसले होते हो. शोधायचं काय तेच माहीत नव्हतं. मनापासून आभार.

आता जनरल रजिस्टर नंबरचा रकाना टाकते. पण तो माझ्या यादीत नावाच्या उजवीकडे आहे, व्हीलूकअप डावीकडचं शोधत नाही ना?

---

पाटीकर

नाही शोधत. तुमच्याकडे २०२१ किंवा ३६५ असेल तर एक्सलूकअप वापरा. त्याला डावं-उजवं चालतं, आणि काही न सांगता तंतोतंत जुळणीच करतं. व्हीलूकअपमध्ये ‘फॉल्स’ द्यायला विसरलं तर जवळपासचं काहीतरी उचलून आणतं, एररही दाखवत नाही. जुनी आवृत्ती असेल तर इंडेक्स आणि मॅच हे दोन फॉर्म्युले एकत्र. पाच मिनिटं लागतात समजायला, मग आयुष्यभर पुरतं.

---

रेडिंगकर

मी इंग्लंडमध्ये असतो, माहिती-विश्लेषणाचं काम करतो. तुमच्या चर्चेतली दुखणी मोठमोठ्या ठिकाणीही होतात. २०२० च्या शरदात इथे कोविडच्या १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर आकडेवारीत आलीच नाही. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या (.xls) फाइलमध्ये भरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. नव्या प्रकारात (.xlsx) १०,४८,५७६ ओळी मावतात. उरलेल्या नोंदी गळाल्या, आणि त्या लोकांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला.

अनेक पोर्टलं अजून जुन्या प्रकारची फाइल देतात. उघडल्या उघडल्या ‘सेव्ह अॅज’ करून नव्या प्रकारात घ्या. आणि कुठलीही यादी एकीकडून दुसरीकडे नेली की आधी ओळी मोजा. किती निघाल्या, किती पोचल्या.

---

तांबडीमाती

तारखा ताडून झाल्या. २१२ पैकी ३८ उलट्या होत्या. सरांनी आणि मी शनिवारी बसून पुऱ्या केल्या. मीनलताई, तुम्ही नसतं सांगितलं तर त्या तशाच पुढे गेल्या असत्या.

आता दाखले. वर्डमध्ये मेल मर्ज करतोय (एक्सेलच्या यादीतून एकेकाचा दाखला आपोआप भरतोय), एक्सेलमध्ये तारीख बरोबर दिसते, दाखल्यावर पुन्हा महिना आधी येतो.

---

गणितवेडी

वर्ड एक्सेलचं दिसणं घेत नाही, आतलं मूल्य घेतं आणि आपल्या मनाने मांडतं. म्हणून दाखल्यासाठी वेगळा रकाना करा, त्यात ‘टेक्स्ट’ फंक्शनने तारखेचा मजकूर बनवा, आणि मर्जमध्ये तोच रकाना जोडा. मराठी आकडे हवे असतील तर वर दिलेला चौकटी कंसातला तुकडा टेक्स्ट फंक्शनच्या आत घाला, नुसता फॉरमॅट दिलेला वर्डपर्यंत पोचणार नाही.

अक्षरी जन्मतारखेसाठी मी वेगळ्या शीटवर तक्ता केलाय : १ ते ३१ अक्षरी, महिने, आणि वर्षं. लूकअपने जोडते. एकदा केलेलं सहा वर्षं चालतंय.

---

कोपऱ्यातला_कारकून

वर्डचा विषय निघालाच आहे तर : मराठी मजकूर निवडून फॉन्ट किंवा आकार बदलला तरी काही फरक पडत नाही असं कुणाला होतं का? वर्डच्या हिशोबी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. कंट्रोल+डी दाबा, त्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ नावाचा वेगळा भाग आहे, फॉन्ट आणि आकार तिथे द्या.

आणि मंगल फॉन्टवर विसंबू नका. नव्या विंडोजमध्ये तो आपोआप बसलेला असेलच असं नाही, निर्मला मात्र असतो. छपाईवाल्याकडे द्यायची फाइल पीडीएफ करूनच द्या.

---

मीनल_ऑफिस

दाखल्याच्या मांडणीबद्दल माझंही एक कळकळीचं सांगणं. नाव एका ओळीत, पुढे टिंबं, मग माहिती, हे स्पेसबार दाबून जुळवू नका. प्रिंटर बदलला की सगळं सरकतं. दोन रकान्यांचा टेबल करा आणि रेषा काढून टाका. नवं पान हवं तर एंटर एंटर नको, कंट्रोल+एंटर.

एक्सेलमध्येही शीर्षकासाठी सेल मर्ज करू नका. सॉर्ट, फिल्टर, सगळं अडतं. त्याऐवजी कंट्रोल+१ > अलाइनमेंट > हॉरिझॉन्टल मध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’. दिसायला तेच, सेल मात्र सुटे राहतात. संच मान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) वेळी इयत्ता, मुलं-मुली, प्रवर्ग असे आकडे पिव्होट टेबलने (यादीचा गोषवारा काढणाऱ्या सोयीने) दोन मिनिटांत निघतात, पण यादी अशी सुटी, एका ओळीत एक मूल आणि वर एकच शीर्षक-ओळ अशी असेल तरच. कंट्रोल+टी करून ती टेबल करून ठेवा, नवीन मूल दाखल झालं की रेंज आपोआप वाढते. इयत्तेला डेटा व्हॅलिडेशनने यादी द्या, नाहीतर ‘५वी’, ‘पाचवी’, ‘५ वी’ असे तीन वर्ग तयार होतात.

---

जुनी_दप्तरं

उशिरा आलो, पण माझा प्रश्न इथेच विचारावा असं वाटलं. आमची शाळा जुनी आहे. जात पडताळणीसाठी लोक आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधत येतात. ती रजिस्टरं हाताळून फाटत चालली आहेत, म्हणून मी रोज थोडं थोडं एक्सेलमध्ये उतरवतोय. १८९० नंतरच्या दशकातल्या जन्मतारखा एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही.

---

पाटीकर

दादा, फार मोलाचं काम करताय. एक्सेलची मोजणीच १९०० पासून सुरू होते, त्याआधीची तारीख त्याला माहीतच नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करा, साध्या संख्यांचे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं सॉर्ट केलं की क्रम बरोबर लागतो. १९०० नंतरच्या नोंदींनाही तीच पद्धत ठेवा.

---

मीनल_ऑफिस

आणि अजून दोन रकाने घाला. रजिस्टरचा खंड आणि पान क्रमांक. नाव जसं लिहिलंय तसंच उतरवा, आजच्या शुद्धलेखनात बदलू नका. शोधायला सोपं जावं म्हणून आजच्या रूपातलं नाव हवं तर शेजारी वेगळं द्या. मोडी नोंदी असतील तर तेही कळवा, आमच्या तालुक्यात वाचणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना विचारून सांगते.

---

जुनी_दप्तरं

पहिल्या दोन खंडांत मोडी आहे. गुरुजींना जरूर विचारा. आजपासून तीन रकाने करतो, आधीच्या ६४० ओळी रविवारी बदलून घेतो.